डर्ट बाइकच्या हँडल व शॉकअपचे दोषनिदान

डर्ट बाइक ही कच्च्या वाटांसाठी घडवलेली मोटारसायकल होय. तिचे हँडल एका बाजूला ओढू लागल्यास टायरमधील हवा प्रथम पाहावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. त्यानंतर पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवतात. ते मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे थांबले, तर बॉलरेसरच्या वाट्या झिजलेल्या असतात. शॉकअपची खालची टोके धरून मागेपुढे हलवताना खटका जाणवला, तर बॉलरेसर सैल झालेला असतो.

शॉकअपच्या नळीवरील तेलाचा ओघळ अधिक धोक्याचा. ते तेल ब्रेकवर उतरल्यास ब्रेक नीट लागत नाही. मात्र सील फाटलेच असेल असे नाही. वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या भागात, पावसाळ्यातील पांदण रस्त्यांवर, काळ्या मातीचा चिखल नळीवर वाळतो आणि त्याचे कण सीलच्या कडेखाली शिरतात. ते स्वच्छ केल्यावर गळती कधीकधी थांबते. न थांबल्यास सील बदलावे लागते. शेतावर जाणाऱ्या साध्या मोटारसायकलींनाही हीच तपासणी लागू पडते.