दहा मिनिटांच्या तपासणीमागच्या बायका

किल्ले आणि रणांगणं सोडून हा निवृत्त फौजी आज स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात कुठे शिरला, असं काहींना वाटेल. पण इतिहास तिथेही घडला आहे, आणि त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्या मराठवाड्यात घडलं आहे.

या दवाखान्यात पूर्ण भूल न देता दहा-पंधरा मिनिटांत उरकणारी काही कामं असतात. तांबी बसवणं किंवा काढणं. गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घेणं, म्हणजे पॅप तपासणी. त्याच जागी व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून मिनिटभराने पाहणं. कोल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून निरखणं, संशय आला तर कणभर तुकडा काढणं, आणि बिघडलेला भाग गोठवून टाकणं. बाई आपल्या पायांनी घरी जाते. आमच्या भिलाईच्या कारखान्यात पोलाद ओतण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. इथेही तत्त्व तेच. फरक एवढाच की पोलादाची परवानगी घ्यावी लागत नाही.

बाईची घ्यावी लागते. ती घेतली गेली का, हा प्रश्न या इतिहासात पहिल्यापासून आहे.

तपासणीसाठी योनिमार्ग उघडा धरणारं जे उपकरण आहे, त्याच्या आजच्या रूपाचं श्रेय अमेरिकेतल्या जेम्स मॅरियन सिम्सला देतात. १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरी गावी त्याने चमचा वाकवून सुरुवात केली. त्याच्या टेबलावर होत्या गुलाम स्त्रिया. तिघींची नावं त्याने लिहून ठेवली: अनार्का, बेट्सी आणि लूसी. बाळंतपणात झालेल्या इजेवर त्याने एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया केल्या, भूल न देता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवला गेला.

कोल्पोस्कोप १९२५ मध्ये जर्मनीत हान्स हिन्सेलमानने बनवला. आम्ल लावल्यावर बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो, ही युक्तीही त्याच्याच कामातून आली. पुढे ऑशविट्झच्या छळछावणीतल्या कैदी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे नमुने तपासणीसाठी त्याच्याकडे जाऊ लागले. ज्ञान खरं होतं आणि मार्ग भयंकर होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत. या मालिकेत पापानिकोलाऊची गोष्ट त्या मानाने सुखाची. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या या ग्रीक डॉक्टरला त्याची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत राहिली. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउटबरोबर त्याचं पुस्तक आलं आणि पॅप तपासणी जगभर पसरली.

जगभर, म्हणजे जिथे प्रयोगशाळा होत्या तिथे. काचपट्टी वाचायला तयार डोळे लागतात, अहवाल परत गावी पोचावा लागतो, आणि बाईला पुन्हा बोलावून आणावं लागतं. फौजेत आम्ही याला पुरवठ्याची साखळी म्हणायचो. एक कडी तुटली की पुढची तुकडी उपाशी.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालू झाली. घराघरातून, गावागावातून रुग्णांची माहिती गोळा करायची, असं ते काम. त्याच पायावर बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये एक अभ्यास सुरू केला. सूत्रं डॉ. आर. शंकरनारायणन यांच्याकडे होती.

आकडे ऐका. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट चार भागांत वाटले. पहिल्या भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात आम्ल लावून पाहणी. चौथ्यातल्या ३१,४८८ जणींना फक्त नेहमीची आरोग्यसेवा. नेहमीची म्हणजे त्या काळी आपल्या खेड्यांत या रोगासाठी व्यवहारात काहीच नाही. ज्यांच्यात दोष सापडला त्यांची दुर्बिणीतून तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार झाले.

आठ वर्षांनी हिशोब मांडला. या कर्करोगाने विषाणू चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ज्यांच्यात विषाणू सापडला नव्हता, त्यांच्यातली एकही या रोगाने गेली नाही. पॅप आणि आम्लाच्या गटांत मात्र ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. एप्रिल २००९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायकांनी दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधन स्वस्त असलं तरी चालतं, पण फेरी परत परत यावी लागते.

मग त्या ६४ जणींचं काय? अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी याच मुद्द्यावर कडक टीका केली: पॅपचा उपयोग जगाला दशकानुदशकं माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजायचे कशाला? शास्त्रज्ञांचं म्हणणं, तुलनेसाठी असा गट नसता तर कुठलंही सरकार पटलं नसतं. मी दोन्ही बाजू वाचल्या. माझं मन सुबांकडे झुकतं, पण एक गोष्ट अडते. त्याच चौथ्या गटामुळे कळलं की मराठवाड्यातल्या परिस्थितीत एकदाच केलेली पॅप तपासणी फारशी कामाला आली नाही. पॅप करा म्हणजे झालं, हे गृहीत त्या जिल्ह्यात टिकलं नाही. हे त्या बायकांना विचारून, नीट समजावून झालं असेल तर एक गोष्ट. नसेल तर अनार्काची आठवण येते.

आमच्या छत्तीसगडला हा प्रश्न वेगळ्या वाटेने भेटला. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. नसबंदी हे काही दवाखान्यात सहज उरकण्याचं काम नव्हे. पण सरकारी गाडी गावात येऊन ‘बाईंनो, चला तपासायला’ म्हणाली की एखादी सासू सुनेला मागे का ओढते, हे यातून समजतं.

उस्मानाबादच्या उत्तराचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणू चाचणीलाच पहिली पसंती दिली, बहुतेक स्त्रियांसाठी वयाच्या तिशीपासून. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, सिम्सच्या चमच्याची गरजही उरत नाही. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये आम्लाच्या तपासणीचा कार्यक्रम आखला, ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी, दर पाच वर्षांनी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती जणींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी करून घेतल्याचं सांगितलं? १.९ टक्के. ज्या देशातल्या बायकांनी जगाला हे उत्तर मिळवून दिलं, त्या देशाचा हा आकडा.

२०२३ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. परदेशी वैद्यकीय पुस्तकांत तो अजून उस्मानाबादच आहे, आणि त्या ६४ जणींची नावं तिथे कुठेच नाहीत.