सूत, थाऊ आणि एक घराणं

आपल्याकडे एखादी वस्तू चांगली टिकली की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "जर्मन मेक आहे, बिघडायची नाही." हा कौतुकाचा शब्द आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. जर्मनीतल्या अनेक नामांकित कारखान्यांची सुरुवात एखाद्या कुटुंबाच्या लहानशा वर्कशॉपमधून झाली. पण अगदी त्याच काळात आपल्या हुबळीपासून जवळच, बेळगाव जिल्ह्यातल्या एका घराण्यानंही तसाच डाव मांडला होता. त्याची आठवण यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्तानं करावी असं वाटलं.

मलप्रभेच्या काठावरचं गुर्लहोसूर हे ते गाव. 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्मही इथलाच, 20 जून 1869 चा. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नसल्याचं लक्षात आलं आणि चित्रकला सुटली. मात्र यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही, रेघ आणि माप लागतं. ते त्यांनी आत्मसात केलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. 1888 साली थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे, बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी लागली ती अशी.

याच्या दोनच वर्षं आधी, 15 नोव्हेंबर 1886 रोजी, जर्मनीत स्टुटगार्टला रॉबर्ट बॉश नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणानं एक वर्कशॉप काढलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युत अभियांत्रिकी'. माणसं तीनच: स्वतः बॉश, एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. बॉश गिऱ्हाइकांकडे सायकलवरून जायचे. पुढे मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोनं त्यांचं नाव जगभर गेलं. आपल्या बेंगळुरूत 1951 साली सुरू झालेली 'मायको' ही त्याच कारखान्याची शाखा.

म्हणजे सुरुवात दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. फरक होता तो भोवतालच्या जगाचा. बॉशच्या अवतीभवती घड्याळजी होते, लोहारकामाच्या जुन्या परंपरा होत्या, यंत्रं विकत घेणारे कारखानदार होते. लक्ष्मणरावांच्या अवतीभवती होता लाकडी नांगर चालवणारा शेतकरी. त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, 1903 साली लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं जावी लागली, असं सांगतात. तरी ते नांगर सुधारत राहिले.

1910 साली बेळगावातल्या कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि कर्जाची मदत देऊ केली. निवडुंग आणि नागांच्या त्या माळावर 25 कामगारांच्या कुटुंबांसह किर्लोस्करवाडी वसली. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला, शंभूराव जांभेकरांनी यंत्रं सांभाळली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब ठेवला. शाळेचं शिक्षण फारसं नसलेल्या अनंतराव फळणीकरांनी डोक्यानं नवनवी यंत्रं उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडीची राखण दिली. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. या मासिकांमुळे हा कारखाना मराठी माणसाच्या घरातलाच झाला.

आता येतो आपल्या भागाचा भाग. हुबळीहून बेंगळुरूच्या गाडीत बसलं की हावेरी, राणेबेन्नूर आणि मग तुंगभद्रेचा पूल ओलांडला की हरिहर. अंतर सुमारे 130 किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत परदेशी यंत्रं मिळणं कठीण झालं होतं. तेव्हा, 1941 साली, म्हैसूर संस्थानच्या हद्दीत इथे 'म्हैसूर किर्लोस्कर' हा लेथ बनवणारा कारखाना उभा राहिला. सरकारी 'एचएमटी' सुरू झाली ती 1953 साली, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी.

लेथ म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. चकात पकडलेला लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो, टूलपोस्टवरचं हत्यार त्याला हळूहळू सोलत जातं, आणि गोल, नेमक्या मापाचा भाग तयार होतो. लेथ हे यंत्रं बनवणारं यंत्र आहे. लेथमध्ये जेवढी चूक, तेवढी त्याच्यावर बनलेल्या प्रत्येक भागात चूक. म्हणूनच लेथ बनवणारा कारखाना ही देशाच्या कारागिरीची परीक्षा असते.

आम्ही डिप्लोमाला असताना वर्कशॉपमधला लेथ हरिहरचाच होता. त्याच सुमारास आमच्या गल्लीत हरिहरला उमेदीची वर्षं काढलेले एक काका राहायचे. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. एकदा त्यांनी विचारलं, "एका इंचात सूत किती?" आम्ही म्हणालो, "आठ." "आणि एका सुतात थाऊ किती?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "सव्वाशे. सुतारमिस्त्री सुतात काम करतो, त्याचं बरोबरच आहे, लाकूड तेवढं माफ करतं. लेथवर माफी नाही. डोक्यावरचा केस तीनेक थाऊ जाड असतो, आम्हाला त्याहून कमी चुकायचं असायचं." मग फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढून त्यांनी आमच्याच डोक्यावरचा एक केस मोजून दाखवला. मोजून झाल्यावर मायक्रोमीटर पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि परत गुंडाळला. आमचं पुढचं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं, पण ते पुसणं आम्ही विसरलो नाही.

1991 नंतर आयात खुली झाली, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला हरिहरचा कारखाना बंद पडला. किर्लोस्करांचे बाकीचे उद्योग चालू आहेत. पुण्यात इंजिनं होतात, वाडीत पंप होतात, आणि किर्लोस्कर इलेक्ट्रिकमुळे आपल्या गोकुळ रोडवरही ते नाव दिसतं. पण घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या आणि त्यांच्यातले वाद कोर्टापर्यंत गेल्याचं आपण वर्तमानपत्रांत वाचलं.

बॉशकडे काय झालं? त्यांचा थोरला मुलगा 1921 साली ऐन तारुण्यात आजारानं गेला. बॉश स्वतः 1942 साली वारले. 1964 साली कंपनीचे बहुतेक शेअर एका धर्मादाय संस्थेकडे गेले. आज 90 टक्क्यांहून अधिक भांडवल तिच्याकडे आहे आणि नफ्याचा तिचा वाटा लोकोपयोगी कामांना जातो. त्याआधीच, 1906 साली, बॉशनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला होता आणि 1913 साली शिकाऊ पोरांसाठी कारखान्यातच स्वतंत्र वर्कशॉप काढलं होतं. वारस कोण, या प्रश्नाच्या आधी हातातली विद्या कोणाला द्यायची, हा प्रश्न त्यांनी सोडवून ठेवला होता.

लक्ष्मणरावांनीही वाडीत तेच केलं होतं. फळणीकर काही त्यांच्या घराण्यातले नव्हते. म्हणून आम्हाला वाटतं, जर्मन मेकचं कौतुक जरूर करावं, पण आपल्याला ते जमणारच नव्हतं असं मात्र म्हणू नये. जमलं होतं, आणि आपल्या रुळांवर तीन तासांच्या अंतरावर जमलं होतं. निसटली ती विद्या पुढे देण्याची सोय. आपल्या जुन्या हुबळीतल्या कितीतरी घरांत रेल्वे वर्कशॉपमध्ये, कारखान्यात हयात घालवलेले आजोबा आहेत. नातू कॉम्प्युटरवर काम करतो, ते चांगलंच आहे. तरी सुट्टीत एकदा त्याला आजोबांशेजारी बसवावं आणि एका सुतात थाऊ किती, हे विचारायला लावावं.

गणपती गेले की महिन्याभरात खंडेनवमी येते. आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. यंदा त्या पाटावर घरातला जुना व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर असेल तर तोही ठेवावा. मात्र आधी तो कसा पुसायचा आणि त्यावर माप कसं वाचायचं, हे घरातल्या लहानांना शिकवावं. विद्येच्या देवतेला याहून मोठा नैवेद्य आम्हाला तरी सुचत नाही.

गणपती बाप्पा मोरया!