निळ्या दाखल्याचा मागोवा

अमेरिकी सैनिक फौजेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती एक दाखला येतो. पुढची नोकरी, माजी सैनिकाच्या सवलती, गावातली इभ्रत, सगळं त्या दाखल्यावर ठरतं. समलिंगी सैनिकांवर काय गुजरलं ते समजून घ्यायचं तर कायद्यांच्या आधी हा कागद वाचावा, असं मला वाटतं.

सुरुवातीला कागदापेक्षा ढोलांचा आवाज मोठा होता. मार्च 1778 मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, व्हॅली फोर्जच्या छावणीतून लेफ्टनंट गॉटहोल्ड एन्स्लिन याला ढोल-बासरी वाजवत, साऱ्या फौजेदेखत हाकलून दिलं. एका सैनिकाशी संबंधाचा प्रयत्न आणि खोटी साक्ष हे आरोप होते. शिक्षेला मंजुरी सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांची होती. पुढे दीर्घकाळ वाट तीच राहिली: आरोप, कोर्ट मार्शल, शिक्षा.

दुसऱ्या महायुद्धात ही वाट बदलली. समलिंगी माणसं गुन्हेगार नसून आजारी आहेत, त्यांना तुरुंगात न टाकता घरी पाठवा, असं लष्करातले मानसोपचारतज्ज्ञ सांगू लागले. त्यांना ती माणुसकी वाटत होती. निळ्या कागदावर छापलेला एक दाखला हाताशी होताच. त्यावर सन्मानाने सोडल्याचा उल्लेख नसे, बदनामीचा शिक्काही नसे. त्यासाठी कोर्ट मार्शलची गरज नव्हती, म्हणजे निर्दोष सुटण्याची संधीही उरली नाही. डिसेंबर 1941 ते जून 1945 या काळात भूदलाने असे 48,000 हून अधिक दाखले दिले. ते मिळालेले सगळेच समलिंगी नव्हते. फौजेत साडेसहा टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला त्यातले बावीस टक्के आले, आणि ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने ऑक्टोबर 1945 मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली.

खरा घाव नंतर बसला. 1944 च्या ‘जीआय बिल’ने परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च, घरकर्जाची हमी आणि बेकारभत्ता देऊ केला होता. बदनामीची बडतर्फी झालेल्यांनाच त्यातून वगळायचं होतं. तरीही माजी सैनिकांच्या खात्याने 1945 मध्ये आदेश काढला, की समलिंगी म्हणून निळा दाखला मिळालेल्यांना यातलं काही द्यायचं नाही. संसदेने न लिहिलेली शिक्षा एका खात्याने लिहिली. 1946 मध्ये संसदेच्याच एका समितीने निळ्या दाखल्यांवर कडक ताशेरे ओढले. 1947 मध्ये निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या प्रकारांपैकी एकाचं नाव होतं ‘अनिष्ट’, आणि समलिंगी सैनिकांच्या वाट्याला बहुधा तोच येई.

व्हिएतनाम युद्धात पदकं मिळवलेले हवाई दलाचे सार्जंट लिओनार्ड मॅटलोविच यांनी 1975 मध्ये आपण समलिंगी असल्याचं वरिष्ठांना लेखी कळवलं. त्यांना काढून टाकलं. परत घेण्याचा न्यायालयाचा आदेश 1980 मध्ये आला, तेव्हा हवाई दलाने पैसे देऊन तडजोड केली. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या कबरीच्या शिळेवर नाव नाही. दोन माणसं मारली म्हणून पदक दिलं आणि एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं, असं मात्र कोरलेलं आहे.

1993 मध्ये ‘विचारू नका, सांगू नका’ असं धोरण ठरलं: समलिंगी असल्याचं लपवलं तर सेवेत राहता येईल. तडजोड म्हणून त्याचं कौतुक झालं, पण त्याखाली 13,000 हून अधिक जणांना बाहेर काढलं गेलं. 20 सप्टेंबर 2011 रोजी ते संपलं. आता समलिंगी सैनिक उघडपणे सेवेत राहू शकत होता. पूर्वी निघालेल्यांच्या कपाटात मात्र जुनाच दाखला होता. तो बदलून घ्यायचा तर अर्ज त्यांनीच करायचा, पुरावे त्यांनीच जोडायचे आणि काढून टाकण्याचं कारण अनोळखी कारकुनापुढे पुन्हा मांडायचं. अनेकांनी अर्ज केलाच नाही. 2023 मध्ये संरक्षण खात्याने अर्जाची वाट न पाहता स्वतः नोंदी तपासायला घेतल्या आणि पुढच्या वर्षी शेकडो दाखले सुधारले. ही तपासणी ‘विचारू नका’च्या काळापुरतीच होती.

त्याआधी ज्यांना काढलं, त्यांच्यातले हयात असलेले आता म्हातारे झाले आहेत. कागद सरकारने दिला होता. तो दुरुस्त करून त्यांच्या घरी पोहोचवणं हेही सरकारचंच काम आहे.