ब्लॉगसाठी फुकट थीम पुरते की विकत घ्यावी? पैसे नेमके कशाचे मोजायचे?

स्वतःचा ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की आधी डोमेनचं नाव ठरतं, मग होस्टिंग घेतलं जातं आणि तिसऱ्या पायरीवर गाडी अडते ती थीमवर. एकीकडे हजारो फुकट थीम, दुसरीकडे चकचकीत डेमो दाखवणाऱ्या विकतच्या थीम. "पैसे टाकले की साइट प्रोफेशनल दिसेल", असं कुणीतरी सांगतं. "फुकट मिळतंय तर पैसे का घालवायचे?" असं दुसरं कुणीतरी म्हणतं.

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. कारण विकतच्या थीमची किंमत दिसण्यासाठी असते, हा समजच मुळात चुकीचा आहे. मग ती कशासाठी असते? आणि तुमच्या ब्लॉगला तिची गरज आहे का? समजून घेऊ या. ब्लॉगसाठी सर्वाधिक वापर वर्डप्रेसचा होतो, त्यामुळे इथे वर्डप्रेसच्याच थीमबद्दल बोलू.

थीम म्हणजे नेमकं काय?

तुमचे लेख, फोटोंची माहिती, वाचकांच्या प्रतिक्रिया हे सगळं डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. ते वाचकाला कसं दिसावं हे थीम ठरवते. मथळा किती मोठा, मेन्यू कुठे, मोबाइलवर मांडणी कशी बदलणार, हे सगळं तिचं काम.

म्हणजे थीम बदलली तरी लेख जात नाहीत. मेन्यू, साइडबार, होमपेज यांची मांडणी मात्र पुन्हा लावावी लागू शकते. म्हणूनच सुरुवातीला फुकट थीम घेऊन नंतर बदलणं हा अगदी व्यवहार्य मार्ग आहे. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

फुकट आणि विकत यांत कायद्याने फरक काय?

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी आलं ते जीपीएल या परवान्याखाली. हा परवाना सांगतो की सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, बदलावं आणि पुढे वाटावं. पण वर्डप्रेससाठी बनवलेल्या थीमलाही तो लागू होतो का?

यावरून २०१० मध्ये मोठा वाद झाला. थीसिस ही तेव्हाची लोकप्रिय विकतची थीम. तिचे निर्माते ख्रिस पिअर्सन आणि वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग जाहीरपणे भिडले. शेवटी पिअर्सन यांनी थीसिसचा पीएचपी कोड जीपीएलखाली आणला. बाजारातल्या बहुतेक नामांकित विकतच्या थीमचा पीएचपी कोड आज जीपीएलखालीच असतो.

याचा अर्थ असा की तुम्ही पैसे देता ते प्रामुख्याने दोन गोष्टींचे. एक, पुढचे अपडेट. दोन, अडलं तर मदत. दिसणं हे त्यानंतर येतं.

विकतच्या थीम दोन प्रकारे मिळतात

पहिला प्रकार थीमफॉरेस्टसारख्या बाजारपेठेचा. इथे एकदाच पैसे भरायचे. नेहमीच्या परवान्यावर एकच साइट चालवता येते. अपडेट मिळत राहतात, पण निर्मात्याची मदत साधारणपणे सहा महिनेच मिळते. जास्त पैसे भरून ती बारा महिन्यांपर्यंत वाढवता येते.

दुसरा प्रकार 'फ्रीमियम'. मूळ थीम फुकट आणि जास्तीच्या सोयींसाठी वर्षाला पैसे. ॲस्ट्रा, जनरेटप्रेस, केडन्स या अशाच थीम. यातली ॲस्ट्रा पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची आहे आणि जगभरात दहा लाखांहून जास्त साइटवर चालते. अशा थीममध्ये 'प्रो' हा भाग बहुधा वेगळ्या प्लगइनच्या रूपात येतो. वर्ष संपल्यावर पैसे भरले नाहीत तरी साइट सहसा बंद पडत नाही, पण त्या भागाचे अपडेट आणि मदत थांबते.

नव्या ब्लॉगरसाठी दुसरा प्रकार सोयीचा. फुकट आवृत्ती काही महिने वापरून बघता येते आणि खरोखर अडलं तरच पैसे टाकायचे.

किंमत बघताना पहिल्या वर्षाची सवलत आणि नूतनीकरणाचा दर हे दोन्ही आकडे बघा. दर डॉलरमध्ये असेल तर बँकेचं परकीय चलन शुल्क आणि लागू असल्यास कर धरूनच हिशेब करा.

फुकट थीम म्हणजे कमी दर्जाची?

नाही. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या संग्रहात दहा हजारांहून जास्त फुकट थीम आहेत आणि तिथे जागा मिळण्यासाठी थीमला ठरलेले नियम पाळावे लागतात. परवाना, सुरक्षितता, कोडची शिस्त यांची तपासणी होते.

शिवाय काही वर्षांपूर्वी ज्या सोयींसाठी लोक पैसे देत, त्यातल्या बऱ्याच आता वर्डप्रेसमध्येच आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीपासून 'ब्लॉक थीम' वापरून हेडर, फुटर, रंग, लेखाच्या पानाची मांडणी हे सगळं कोड न लिहिता बदलता येतं. एप्रिल २०२४ मधल्या ६.५ आवृत्तीत फॉन्ट लायब्ररी आली. ब्लॉक थीम असेल तर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट थेट डॅशबोर्डमधून लावता येतो. फक्त फॉन्ट आणि रंग बदलायचे म्हणून थीम विकत घ्यायची गरज आता उरलेली नाही.

विकतची थीम म्हणजे जास्त सुरक्षित?

हाही गैरसमजच. डिसेंबर २०१४ मध्ये 'सोकसोक' नावाच्या मालवेअरने एक लाखाहून अधिक वर्डप्रेस साइटना ग्रासल्याचं समोर आलं. गूगलने ११ हजारांहून अधिक डोमेन धोकादायक ठरवून रोखली. शिरकाव झाला होता स्लायडर रेव्होल्यूशन या प्लगइनच्या जुन्या आवृत्तीतून. हे प्लगइन अनेक विकतच्या थीमसोबत जोडून दिलेलं होतं. त्यामुळे आपल्या साइटवर ते आहे याचा कित्येकांना पत्ताच नव्हता आणि थीमच्या निर्मात्याने अपडेट दिल्याशिवाय ते बदलतही नव्हतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. जानेवारी २०२२ मध्ये जेटपॅकच्या संशोधकांनी उघड केलं की ॲक्सेसप्रेस थीम्स या कंपनीच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये चोरदरवाजा घुसवलेला होता. हा कोड कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून डाउनलोड होणाऱ्या प्रतींमध्ये होता. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून घेतलेल्या प्रती त्यातून वाचल्या.

मुद्दा एवढाच, की थीमला किंमत आहे की नाही यावर सुरक्षितता ठरत नाही. ती कोण सांभाळतं आणि किती वेळा सांभाळतं, यावर ठरते.

'नल्ड' थीमच्या वाटेला का जाऊ नये?

तिसराही एक पर्याय टेलिग्राम चॅनेलवर आणि काही साइटवर दिसतो. विकतची थीम परवान्याची अट काढून फुकट. हिलाच 'नल्ड' थीम म्हणतात. "कोड जीपीएल आहे, मग यात गैर काय?" असा युक्तिवाद केला जातो.

खरा प्रश्न असा आहे की कुणीतरी विकत घेतलेली वस्तू तुम्हाला फुकट का देतंय? डब्ल्यूपी-व्हीसीडी या मालवेअरचा प्रसार मुख्यतः नल्ड थीम आणि प्लगइनमधूनच झाला. एकदा साइटवर शिरलं की ते त्याच होस्टिंगवरच्या इतर साइटमध्येही पसरत असे, वाचकांसमोर नको त्या जाहिराती आणत असे आणि इतर साइटच्या लिंक गुपचूप घुसवत असे.

नुकसान फक्त तांत्रिक नसतं. साइटवर 'धोकादायक' असा इशारा लागला की वाचक दारातूनच परततो. दोन-तीन वर्षं लिहून मिळवलेलं शोधातलं स्थान काही दिवसांत घसरू शकतं. काही हजार रुपये वाचवण्यासाठी हा सौदा परवडणारा नाही. पैसे नसतील तर अधिकृत फुकट थीम घ्यावी. नल्ड थीमपेक्षा ती शंभर पटींनी बरी.

मराठी ब्लॉगने काय वेगळं तपासावं?

थीमचे डेमो बहुतेक इंग्रजी मजकुरावर बेतलेले असतात. देवनागरी टाकली की काही अडचणी डोकं वर काढतात.

• ओळींमधलं अंतर: इंग्रजीसाठी बसवलेलं अंतर मराठीला कमी पडतं. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना चिकटतात, कधी मथळ्यातली मात्रा कापली जाते.

• अक्षरांमधलं अंतर: मथळा ऐसपैस दिसावा म्हणून काही थीम अक्षरं लांब लांब मांडतात. मराठीत त्यामुळे शिरोरेषा तुटते.

• मोठं पहिलं अक्षर: परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याच्या शैलीत जोडाक्षर फुटू शकतं.

• तिरका मजकूर: देवनागरी फॉन्टमध्ये सहसा खरा तिरका प्रकार नसतो. ब्राउझर अक्षरं नुसती वाकवतो आणि वाचायला त्रास होतो.

साइटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' ठेवायलाही विसरू नका. त्यामुळे 'पुढे वाचा', 'प्रतिक्रिया द्या' अशा सूचना मराठीत येऊ शकतात आणि काही फॉन्ट 'ल' व 'श' मराठी वळणाने दाखवतात. अर्थात, थीम भाषांतराला अनुकूल असावी लागते.

घेण्यापूर्वी या पाच गोष्टी बघा

१. शेवटचं अपडेट कधी? वर्डप्रेसच्या अनेक आवृत्त्या येऊन गेल्या आणि थीम जागची हलली नसेल, तर तिला हात लावू नका.

२. मदतीच्या पानावर काय चाललंय? लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का, किती दिवसांनी मिळतात, हे वाचा. विकतच्या थीमसाठी हीच सर्वांत महत्त्वाची कसोटी, कारण तुम्ही पैसे त्याचेच देताय.

३. वेग किती? डेमोचा पत्ता गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाका आणि 'मोबाइल'चा निकाल बघा. गूगलच्या निकषांनुसार पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारू नये.

४. सोडून जाता येईल का? वर सांगितलेला अपवाद हाच. काही थीम स्वतःचा पेज बिल्डर किंवा शॉर्टकोड वापरायला लावतात. थीम बदलताच लेखांत चौकोनी कंसातल्या कोडचा पसारा उरतो. शंभर लेख हाताने साफ करण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

५. पैसे परत मिळतात का? काही कंपन्या ठरावीक दिवसांत परतावा देतात. बाजारपेठांमध्ये मात्र नुसतं 'आवडली नाही' हे कारण चालेलच असं नाही. अटी आधी वाचा.

आणि हो, डेमोमधल्या सुंदर फोटोंना भुलू नका. ते फोटो बहुधा थीमसोबत मिळत नाहीत. तुमचा लांबलचक मराठी मथळा आणि मोबाइलवर काढलेला फोटो टाकल्यावर ती कशी दिसते, हे महत्त्वाचं.

मग ठरवायचं कसं?

ब्लॉग नवा असेल, मजकूर मुख्यतः लेखांचा असेल आणि त्यातून अजून कमाई नसेल, तर फुकट थीम पुरते. तेच पैसे चांगल्या होस्टिंगवर आणि नियमित बॅकअपवर घाला.

विकतची थीम घ्यायची वेळ येते ती ठोस गरज दिसल्यावर. बातम्यांसारखं अनेक विभागांचं होमपेज हवं असेल, साइटवर वस्तू विकायच्या असतील, चार-पाच लेखकांची स्वतंत्र पानं लागत असतील, किंवा साइट बिघडली तर दुरुस्त करणारं जवळ कुणी नसेल आणि बिघाडाचा थेट परिणाम कमाईवर होत असेल, तर पैसे देणं शहाणपणाचं.

एक सोपी युक्ती करता येते. फुकट थीमवर तीन महिने लिहा आणि जिथे जिथे अडलं, ते एका कागदावर नोंदवा. तीन महिन्यांनी यादी रिकामी असेल तर पैसे वाचले. यादीत दोन-तीन गोष्टी सारख्या येत असतील, तर कोणती थीम घ्यायची हे ती यादीच सांगेल.