पडद्यावर पोहोचलेली गाणी आणि मागे राहिलेले उस्ताद

केज, धारूर, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या माणसाची संगीत नाटकाशी ओळख झाली ती बहुधा पडद्यामुळे. पुण्या-मुंबईच्या नाटक मंडळ्यांचा मुक्काम बालाघाटाच्या या डोंगरात क्वचितच पडे. जत्रेतल्या तंबूचा सिनेमा मात्र येई, पुढे टीव्ही आला आणि आता मोबाइल आहे. म्हणून नाटकाचा चित्रपट कसा होतो, त्यात काय उरते आणि काय गळते, हा प्रश्न शहरी रसिकाइतकाच आमचाही आहे. शहरातल्या माणसाने दोन्ही पाहिलेले असते. आम्हांला मिळते ती पडद्यावरची नक्कल, आणि अस्सल म्हणून आम्ही तीच जपतो.

या प्रश्नाला आमच्यासाठी आणखी एक बाजू आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. कचेरीची भाषा उर्दू, शेतातली नि बाजारातली मराठी, आणि घरात दखनीची सरमिसळ. गाण्याने भरलेली दोन नाटके या देशात वाढली, एक उर्दू आणि एक मराठी. आमच्या आजोबा-पणजोबांना ही दोन्ही कानांनी कळण्यासारखी होती. आमचा वारसा असा दुहेरी आहे. पण त्याची नोंद ना उर्दूवाल्यांनी नीट ठेवली, ना मराठीवाल्यांनी, ना आम्ही.

आधी उर्दूचे पाहू. लखनौच्या आगा हसन अमानत यांनी १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत ‘इंदरसभा’ लिहिली. वाजिद अली शाहचा तो काळ. गझल, ठुमरी, होरी, वसंत असे सारे प्रकार त्या नाटकात होते. पुढे मुंबईच्या पारशी मंडळ्यांनी ते गावोगाव नेले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तोही जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरूनच घेतलेला. त्यात फकिराचे गाणे वझीर महंमद खान यांनी गायिले. हिंदुस्थानी बोलपटाचे पहिले गाणे ते हेच. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या मादन थिएटर्सने ‘इंदरसभा’ पडद्यावर आणली. गाणी किती? सुमारे सत्तर! मास्टर निसार आणि जहाँआरा कज्जन त्यात गात होते. आज हसू येईल, पण त्या काळच्या माणसाच्या लेखी नाटक म्हणजे गाणे आणि बोलपट म्हणजे कॅमेऱ्यापुढे ठेवलेले नाटक, असा साधा हिशेब होता.

मराठीचा हिशेबही निराळा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १९११ साली काकासाहेब खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीची लय त्यांनी मराठी पदांत आणली. हेच गोविंदराव १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्र झाले आणि त्याचे संगीतही त्यांनीच दिले. म्हणजे रंगभूमीवरचे गाणे पडद्यावर गेले ते आपला संगीतकार आणि आपला नट बरोबर घेऊनच.

पण पडद्याचे कायदे वेगळे होते. नाटक रात्रभर चाले. रंगात आलेले पद ‘वन्स मोअर’ घेत घेत पंधरा-वीस मिनिटे वाढे. प्रेक्षक डोलू लागला की गायक नवी तान घेई, सारंगीवाला ती उचलून धरी, तबलजी समेवर आणून सोडी. तो सौदा गायक, साथीदार आणि श्रोता या तिघांचा असे. चित्रपटात श्रोता समोर नाही आणि गाण्याची लांबी रिळाने ठरवलेली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीची सवय कानांना लागली होतीच. सुरुवातीला गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होई आणि वादकांना झाडाआड, पडद्याआड बसवावे लागे. १९३५ नंतर पार्श्वगायन रुळले, तशी गाणाराचीही गरज कॅमेऱ्यापुढे उरली नाही. आधी वादक दिसेनासा झाला, मागोमाग गायक.

हा बदल सगळ्यांना मानवला नाही. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी सिनेमात उतरली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुनयुद्ध’ काढून आर्थिक अडचणीत आली. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारे बालगंधर्व १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत आले. रंगमंचाच्या दूरवरच्या उजेडात जे लावण्य खरे वाटे, ते जवळ आलेल्या कॅमेऱ्यापुढे टिकणारे नव्हते, म्हणून पुरुषभूमिका. लोकांना मात्र ‘आपला’ गंधर्व त्यात सापडला नाही. प्रभात आणि बालगंधर्व यांची जोडी पुढे टिकली नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. या रंगभूमीचे सूर घडवले कोणी? बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले हे बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर-अत्रौलीचे अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांचे शागीर्द. गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँ साहेबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र लिहिले. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक कंपनी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा घट्ट केला. दुसऱ्या कन्या सरस्वतीबाई राणे यांचा आवाज १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातून घरोघर पोहोचला.

तरीही शाळेच्या पुस्तकात, दूरदर्शनच्या कार्यक्रमात, गावच्या व्याख्यानात नाट्यसंगीताचा इतिहास सांगितला जातो तेव्हा ही नावे ओझरती येतात. उस्ताद हा ‘गुरू कोण’ या रकान्यात असतो. तो इथे राहिला, इथले पाणी प्याला, इथल्या पोरांना त्याने तालीम दिली आणि त्यातून मराठी माणसाचा कान घडला, असे सहसा सांगितले जात नाही. नाटकात हे साथीदार निदान रंगमंचाच्या कडेला दिसत. चित्रपटाने तेही ठेवले नाही.

म्हणूनच ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचे आम्हांला विशेष वाटते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली नाट्यसंपदेने रंगमंचावर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. मराठी संगीत नाटकात प्रथमच एक उस्ताद, खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले, कडेवरून उठून मधोमध उभा राहिला. पं. वसंतराव देशपांडे यांनी तो असा उभा केला की खाँसाहेब म्हटले की आजही तेच डोळ्यांपुढे येतात. खाँसाहेबांच्या मुलीची, झरीनाची भूमिका केली सोलापूरच्या फैय्याज यांनी. एका मराठी मुस्लिम मुलीने मराठी रंगभूमीवर मुस्लिम मुलगी साकारावी आणि तीही गाऊन, ही घटना आमच्या घरांतल्या मुलींना सांगण्याजोगी आहे. या फैय्याज फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘कट्यार’ चित्रपट होऊन आली. दिग्दर्शक सुबोध भावे, खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर, त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि पंडितजी झाले शंकर महादेवन. जुनी पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली, एक कव्वालीही घातली. महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या पिढीने नाट्यपद कधी ऐकले नव्हते, ती पिढी ते गुणगुणू लागली. केजच्या रिक्षात ते वाजले, लग्नाच्या मंडपात वाजले. हे श्रेय चित्रपटाला दिलेच पाहिजे.

पण रूपांतरात कथेचा तोल कुठे सरकला, तेही पाहायला हवे. नाटकाचा भर आहे तो दोन गायकींमधल्या अंतरावर आणि विद्येसाठी तळमळणाऱ्या शिष्यावर. खाँसाहेब तिथे हट्टी आहेत, अहंकारी आहेत, पण त्यांच्या गाण्यापुढे मान लवते. चित्रपटाला डोळ्यांना दिसेल असा संघर्ष लागतो. त्याने मागची हकीकत विस्ताराने पुढे आणली. वर्षानुवर्षांचे हरणे, मनातली जळफळ, शेंदूर चारून पंडितजींचा आवाज घालवण्याचे कारस्थान, आणि ते खाँसाहेबांच्या घरातूनच! राजगायकाला एक खून माफ करणारी ती कट्यार आता सारखी हातात दिसू लागते. खाँसाहेबांच्या पश्चात्तापालाही चित्रपटात जागा आहे, हे खरे. तरी ज्याने नाटक पाहिलेले नाही, त्याच्या मनावर उमटते ते असे की सात्त्विक गाणारा एकीकडे आणि मत्सरी उस्ताद दुसरीकडे.

याला आम्ही कुणाचा डाव म्हणत नाही. कथेला खलनायक लागतो, सिनेमाला तर लागतोच. मुस्लिम पात्र आले की ते संतच असावे, असा आग्रहही आमचा नाही. माणूस म्हणून उभा राहिलेला सदोष खाँसाहेब आम्हांला गुळगुळीत पुतळ्यापेक्षा जवळचा आहे. आमचे म्हणणे एवढेच की कथेच्या शेजारी इतिहासही माहीत असावा.

आणि इतिहास काय सांगतो? विद्या दडवून ठेवणारा उस्ताद रंगवणारे वसंतराव स्वतः लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे आणि मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडे शिकले होते. खाँसाहेबांच्या गळ्यात चाली घालणारे अभिषेकीबुवा अजमत हुसेन खाँ यांचे शागीर्द. अल्लादिया खाँ साहेबांनी केसरबाई केरकर घडवल्या, मोगूबाई कुर्डीकर घडवल्या. उस्ताद शिकवताना कठोर असत, चीज सहजी देत नसत, यात शंका नाही. पण शेवटी त्यांनी दिली, म्हणून तर ते नाटक होऊ शकले. कथेतला खाँसाहेब सदाशिवला विद्या नाकारतो. ती कथा सुरांत बांधणारे आणि गाणारे मात्र खाँसाहेबांनी हात पुढे केल्यामुळेच तयार झालेले.

ही वाट अजून चालू आहे. वसंतरावांच्या आयुष्यावर २०२२ साली ‘मी वसंतराव’ आला. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांनीच ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आणले. ११४ वर्षांपूर्वीचे नाटक आजच्या पोरांना दाखवावेसे वाटते, ही चांगली गोष्ट आहे. अशा प्रत्येक चित्रपटाबरोबर आमचे एक काम मात्र वाढते. गाणे आवडले की ते कुणाचे, हे पोरांना सांगायचे. भास्करबुवांच्या मागे नत्थन खाँ, अभिषेकीबुवांच्या मागे अजमत हुसेन खाँ, बालगंधर्वांच्या शेजारी थिरकवा आणि कादरबक्ष. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ही नावे मावत नाहीत, वार्षिकांकाच्या पानात मावतात.

नावे गोळा करायची तर ती उस्तादांवर थांबू नयेत. मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारी-कट्यारींना धार लावीत. शस्त्रांचे दिवस सरले तसे, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातल्या काही घराण्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले, आणि त्यांच्या हातून सतार, तंबोरा घडू लागला. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या आपल्या गावात ‘कट्यार’ची गाणी लागतील, तेव्हा मागे घुमणारा तंबोरा कुणाच्या हातचा असू शकतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. आणि आपल्या तालुक्यात कुणी सारंगी, तबला, सनई वाजवीत होते का, कव्वालीच्या पार्टीत कोण बसे, भजनाला साथ कोण करी, हे विचारायला वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारून वहीत उतरवून घ्यावे.