रिकाम्या पिंपाचं परतीचं भाडं

जुन्या वळणाच्या स्कॉच व्हिस्कीला बेदाणे, अंजीर, अक्रोड यांच्या जवळपास जाणारा एक वास असतो. त्या वासावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. झऱ्याचं पाणी, हायलँडची हवा, गाळणाऱ्यांच्या पिढीजात खुब्या, असं बरंच काही त्यात येतं. माझं म्हणणं असं की तो वास एका हिशेबातून जन्मला आणि तो हिशेब जहाजाच्या भाड्याचा होता. रिकामं पिंप स्पेनला परत पाठवणं परवडत नव्हतं. हवा, पाणी आणि खुब्या यांचा नंबर त्यानंतर लागतो.

शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची वाइन. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांना तिचं इतकं वेड होतं की १८७३च्या सुमाराला तिची आयात शिगेला पोहोचली होती. ही शेरी यायची ती बाटल्यांत नव्हे, तर ओकच्या पिंपांत. मोठं पिंप म्हणजे साधारण ५०० लिटरचं. लंडन, ब्रिस्टल आणि एडिनबराजवळचं लीथ या बंदरांत पिंपं उतरायची, व्यापारी वाइन काढून घ्यायचे आणि पिंपं रिकामी व्हायची. आता रिकामं झालं म्हणून पिंपाचं वजन घटतं, पण आकार काही घटत नाही. जहाजाच्या पोटात ते भरल्या पिंपाइतकीच जागा खातं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून रिकाम्या क्रेटसह परत निघालेला टेम्पो ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. माल किलोभरही नाही आणि गाडी मात्र गच्च.

पण ओकचं पिंप फेकून देण्याजोगीही वस्तू नव्हती. कसलेल्या कारागिराने खिळा न ठोकता, नुसत्या लोखंडी पट्ट्यांच्या ताणावर फळ्या जखडलेल्या असायच्या. नीट वापरलं तर ते पन्नास वर्षं सहज टिकतं. परत पाठवणं महाग आणि फेकणं जिवावर येणारं, अशा वस्तूला जवळपासचंच गिऱ्हाईक लागतं.

हा प्रश्न तसा फार जुना. हेरोडोटसने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात इजिप्तबद्दल एक नवल लिहून ठेवलंय. ग्रीस आणि फिनिशियातून वाइनचे घडे वर्षभर येत राहतात, तरी देशात रिकामा घडा कुठे दिसत नाही. का, तर प्रत्येक गावच्या मुखियाने घडे गोळा करून मेम्फिसला धाडायचे आणि मेम्फिसकरांनी त्यांत पाणी भरून ते सीरियाच्या वाटेवरच्या वाळवंटात पोचवायचे, असा दंडक होता. घडा ग्रीसला परत जात नाही. वाटेतच त्याला दुसरी नोकरी मिळते. रोमला हे तेलाच्या घड्यांपुरतं जमलं नाही. मातीत मुरलेलं तेल खवट होई, म्हणून घडे फोडले जात. त्या खापऱ्यांची मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आजही शहरात उभी आहे. मग गॉल लोकांकडून लाकडी पिंप आलं, ते रोमनांनी उचललं आणि पुढची दीड-दोन हजार वर्षं मासे, पीठ, खिळे, दारू, सगळं पिंपातूनच फिरलं.

आता स्कॉटलंडमधल्या त्या गिऱ्हाइकाकडे येऊ. ज्या नावांच्या बाटल्या आज विमानतळांवर ओळीने मांडलेल्या दिसतात, ती बहुतेक दुकानदारांची नावं आहेत. जॉन वॉकरचं किलमारनॉकमध्ये किराण्याचं दुकान होतं. शिवास बंधू ॲबर्डीनचे किराणावाले. पर्थचे जॉन ड्यूअर आणि मॅथ्यू ग्लोग हे दोघे तर वाइनचेच व्यापारी. म्हणजे एकाच माणसाच्या दुकानात पुढच्या बाजूला शेरी विकली जात होती आणि मागच्या बाजूला व्हिस्की मिसळली जात होती. १८६०च्या कायद्याने कर भरण्याआधीच, बंधपत्राखालच्या गोदामात, वेगवेगळ्या भट्ट्यांच्या व्हिस्की एकत्र करायला परवानगी दिली. त्याबरोबर या दुकानदारांना साठवणीची भांडी एकदम हवी झाली. परसात कालपर्यंत शेरी असलेली पिंपं पडलेली होतीच. त्यांनी ती भरली. यात चवीचा शोध वगैरे मला तरी कुठे दिसत नाही. दिसते ती काटकसर.

जाणकार मंडळी हे मानत नाहीत. त्यांच्या मते लाकडात मुरवल्याने व्हिस्की सुधारते हे स्कॉटिश लोकांना आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांनी शेरीची पिंपं चवीसाठी निवडून घेतली. त्यांचा आवडता पुरावा १८२२चा. चौथा जॉर्ज राजा एडिनबराला आला, त्याला ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी होती आणि रॉथीमर्कसच्या एलिझाबेथ ग्रँटने आपल्या वडिलांच्या साठ्यातली, दीर्घकाळ लाकडात ठेवलेली व्हिस्की धाडली. हे तिनेच आठवणींत लिहिलंय. पुरावा चांगला आहे, पण जेवढा आहे तेवढाच. त्यातून कळतं की श्रीमंत घरात व्हिस्की लाकडात राहायची आणि त्यामुळे ती मऊ होते हे घरच्यांना माहीत होतं. ते लाकूड शेरीचं होतं असं त्यात नाही. त्या काळी पोर्ट, रम, ब्रँडी, मदेरा, हाती लागेल त्या पिंपात व्हिस्की भरली जाई. चवीचा आग्रह असता तर इतकी सरमिसळ झाली असती का?

त्यांचा दुसरा पुरावा मात्र मला थोडा टोचतो. ग्लासगोमध्ये विल्यम लाउरी नावाचा व्हिस्कीचा मोठा दलाल होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने नवी पिंपं शेरीने मुरवून घ्यायला सुरुवात केली. नुसती काटकसरच करायची तर कोणी नव्या पिंपावर पैसे घालून वर वाइन कशाला ओतेल? पण तारखा पाहा. शेरीची आयात १८७३नंतर उतरणीला लागली होती. रिकामी पिंपं कमी पडू लागली होती आणि पंचवीस-तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या जिभेला त्यांची सवय जडली होती. लाउरी त्या सवयीची किंमत मोजत होता. आधी काटकसर, मग चटक, मग चटकेचं शास्त्र, असा क्रम मी लावतो. १९१५मध्ये सरकारने व्हिस्की किमान दोन वर्षं गोदामात ठेवण्याची सक्ती केली, पुढच्या वर्षी ती मुदत तीनवर नेली आणि पिंपांची भूक कायमची झाली.

नेमका तेव्हाच पुरवठा आटत चालला होता. १९३६ ते ३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं, लगोलग जागतिक युद्ध. इथे गोष्टीत अमेरिका शिरते.

अमेरिकेत दारूबंदी १९३३च्या डिसेंबरात उठली. १९३५मध्ये मद्यव्यवहाराचा नवा केंद्रीय कायदा आला आणि त्याखालच्या नियमांनी ठरवलं की मार्च १९३८पासून गाळलेली बर्बन फक्त नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपातच ठेवायची. 'नव्या' या अटीमुळे एकदा बर्बन काढून घेतली की ते पिंप बर्बनसाठी बाद. धडधाकट आणि आणखी पन्नास वर्षं चालेल असं पिंप कायद्याने टाकाऊ ठरवलं.

अशी अट कोणी घातली? केंटकीतल्या भट्ट्या दाखवणारे वाटाडे एक गोष्ट रंगवून सांगतात. आर्कान्सॉचा वजनदार खासदार विल्बर मिल्स याने आपल्या राज्यातल्या लाकूडवाल्यांसाठी ही अट घुसवली म्हणे. गोष्ट झकास आहे, पण मिल्स संसदेत आला जानेवारी १९३९मध्ये, आणि अट तोवर लागू होऊन गेली होती. तेव्हा मिल्सला यातून मोकळं करायला हवं. दुसरा पक्ष म्हणतो की केंटकीतले चांगले गाळणारे आधीपासून नवीच पिंपं वापरत होते आणि दारूबंदीनंतर बाजारात आलेला रंग घातलेला माल रोखण्यासाठी सरकारने तीच चाल लिहून काढली. हे शक्य आहे. तरी मला एक खटकतं. साध्या बर्बनला किमान किती काळ मुरवायचं याची अट आजही नाही. दोन वर्षांची अट आहे ती 'स्ट्रेट' म्हणवणाऱ्या बर्बनला. ज्याला चवीची चिंता आहे तो आधी काळ ठरवेल. इथे काळ मोकळा सोडलाय आणि पिंपाचं कोरेपण तेवढं बांधून घातलंय. ऐन मंदीत, तेरा वर्षांच्या दारूबंदीने हात रिकामे झालेल्या पिंपकारागिरांना आणि लाकूडवाल्यांना याचा फायदा झाला, एवढं तर उघड आहे. मिल्स गेला तरी लाकूड राहतंच, असा माझा अंदाज.

कायदा अमेरिकेचा, पण त्याचा लाभ झाला स्कॉटलंडला. तरीही भाड्याचा जुना प्रश्न होताच: २०० लिटरचं रिकामं पिंप अटलांटिकपार न्यायचं कसं? उत्तर सोपं निघालं. पट्ट्या काढल्या, फळ्या सुट्या केल्या, मोळ्या बांधल्या आणि जहाजावर चढवल्या. पलीकडे स्कॉटिश कारागिरांनी पाच पिंपांच्या फळ्यांतून, नवी बुडं आणि झाकणं बसवून, २५० लिटरची चार पिंपं उभी केली. मोठ्या पिंपाला जागा आणि हाताळणी कमी लागते, हा वरचा नफा. पुढे कंटेनरने जहाजाचं भाडं खाली आणलं आणि कारागिराची मजुरी मात्र चढत गेली, तसं आता बहुतेक पिंपं अखंडच येतात.

चाकणच्या वाहन कारखान्यांकडे सुटे भाग घेऊन येणाऱ्या घडीच्या प्लॅस्टिक पेट्या या मोळ्यांच्याच जातीच्या. भरून येताना उभ्या, परत जाताना आडव्या. घडी घालता येत नसेल तर दुसरी वाट म्हणजे परत न्यायचंच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात आणलेल्या फोर्कलिफ्ट आणि लाकडी पॅलेट युद्धानंतर तिथेच राहिल्या. सरकारने त्यांचा एक सामाईक साठा केला, 'कॉमनवेल्थ हँडलिंग इक्विपमेंट पूल'. १९५८मध्ये ब्रँबल्स कंपनीने तो विकत घेतला आणि आद्याक्षरांवरून 'चेप' हे नाव जगभर गेलं. त्यांच्या निळ्या पॅलेट कोणा कारखान्याच्या मालकीच्या नसतात. जिथे रिकामी झाली तिथल्या डेपोत जमा करायची, तिथून ती शेजारच्या कारखान्याला भाड्याने जाते. युरोपातल्या रेल्वेंनी १९६१मध्ये ८०० बाय १२०० मिलिमीटरचं एकच माप धरून साधी अदलाबदल सुरू केली: भरलेल्या जितक्या द्याल तितक्या रिकाम्या उचला. ऑस्ट्रेलियन सरकारला काय किंवा युरोपच्या रेल्वेला काय, शेरीच्या पिंपांशी देणंघेणं नव्हतं. गणित तेच होतं, म्हणून उत्तरही त्याच वळणाचं निघालं.

खरी उलटापालट झाली १९८०च्या दशकात. शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद झाली पाहिजे असा नियम आला आणि पिंपातून होणारी निर्यात संपली. म्हणजे रिकामी पिंपंही संपली. आता व्हिस्कीवाले हेरेसच्या कारागिरांकडून नवी पिंपं बनवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात आणि मग पिंप स्कॉटलंडला नेतात. ती शेरी सहसा पिण्यासाठी बाटलीत जातही नाही. तिचं ऊर्ध्वपातन होतं किंवा शिरका होतो. जो माल होता तो वेष्टनाला रंग देण्यापुरता उरला. हे पिंप बर्बनच्या पिंपापेक्षा कैक पटींनी महाग पडतं. फुकटात लागलेली सवय इतकी महागात गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

बर्बनच्या पिंपांची यात्रा मात्र लांबतच गेली. लुइझियानातल्या एव्हरी बेटावर टबॅस्कोवाले त्यांत वाटलेली मिरची मुरवतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट याच अमेरिकी पिंपांत मुरते. १९३८च्या त्या एका विशेषणामुळे केंटकीचा ओक गोव्याच्या सासष्टीत आलाय. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, कुंकळ्ळीच्या उकाड्यात सात-आठ टक्के. इथे पिंप आपलं काम लवकर उरकतं आणि त्याचा मोबदलाही जबर घेतं.

गोव्याकडे माझ्या बाजूचा आणखी एक साक्षीदार आहे. जुन्या घरांतून फेणी ठेवलेली दिसते ती 'गराफांव'मध्ये, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेल्या पोटाळ्या काचेच्या बरणीत. पोर्तुगीज काळात या बरण्या वाइन घेऊन आल्या. लिस्बनला रिकामी काच परत कोण पाठवणार? गोंयकारांनी तीत काजूची फेणी भरली. ओकसारखी काच चव देत नाही, रंग देत नाही, वास देत नाही. तरीही किराणावाल्यांनी किलमारनॉकमध्ये जे केलं तेच इथे घडलं आणि इथे चवीचं कारण पुढे करायला जागाच नाही. जाणकारांनी याचं उत्तर द्यावं.