‘जे-वन झालं का?’ : मराठी संक्षेपांची तीनशे वर्षे

रोमन ‘जे’ हे अक्षर, त्याला चिकटून १ हा आकडा आणि पुढे ‘झालं का?’ हा प्रश्न. बोईसरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेल्या मुलाला पालघरहून त्याचा मित्र हे विचारतो, तेव्हा दोघांनाही थांबून अर्थ लावावा लागत नाही. ‘जे-वन’ म्हणजे जेवण. अक्षर रोमन, आकड्याचा उच्चार इंग्रजी, शब्द मराठी. आणि दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत कोणालाही विचारता येणारा हा प्रश्न तर अगदी आपल्याच घरातला.

याच पिढीच्या संदेशांत ‘जीएम’, ‘एचबीडी’, ‘एलओएल’, ‘बीआरबी’ आणि मृत्यूच्या बातमीखाली ‘आरआयपी’ ही मंडळी नांदतात. त्यावरचा आक्षेपही सर्वांना पाठ आहे : हल्लीच्या मुलांना पूर्ण शब्द लिहिण्याचा आळस, म्हणून भाषेची ही दशा. हा धागा त्या आक्षेपाची कागदपत्रे तपासण्यासाठी आहे.

प्रथम मुलांच्या पणजोबांचे पत्र उघडावे. ‘ती. रा. रा. दादा यांचे सेवेसी, कृ. सा. न. वि. वि.’ या ओळीत उलगडून लिहिलेले शब्द मोजके, बाकी सारी टिंबे. तीर्थरूप, राजमान्य राजश्री, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी ‘लो. अ. ही वि.’, म्हणजे लोभ असावा ही विनंती, आणि काही राहिले असल्यास ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. पाकिटावर ‘मु. पो. तारापूर, ता. पालघर, जि. ठाणे’. एवढे संक्षेप आजच्या एखाद्या गप्पांच्या गटात सकाळभरात पडत नसतील. त्या पणजोबांना आळशी म्हणण्याचे धाडस मात्र कोणी केलेले नाही.

ही सवय छापखान्याच्याही आधीची. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भिवराव रेठरेकर त्या लढाईत पडले. वसई मोहिमेचा पत्रव्यवहार ज्या मोडी लिपीत झाला, ती मुळातच घाईची लिपी. हात शक्यतो न उचलता लिहावयाचे, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालावयाचा नाही. शब्द नेहमीचा असेल तर पहिले अक्षर लिहून त्यापुढे उभा दंड ओढला की काम झाले. राजश्री, परगणा, किल्ला हे शब्द दप्तरांत असे दंडावर टेकलेले सापडतात. तारखेआधी येणारा ‘छ’ हा तर नव्या वाचकाची हमखास फजिती करतो : तो चंद्राचा संक्षेप आहे, पुढचा आकडा मुसलमानी महिन्याच्या चांद्र तिथीचा. मोडी शिकणाऱ्याचा पहिला महिना लिपीपेक्षा या संक्षेपांशी झगडण्यात जातो. कारकुनाला दिवसाकाठी ढीगभर कागद उरकावयाचे असत, आणि वाचणारा दुसरा कारकूनच असे. ‘जे-वन’ही तसेच चालते. लिहिणारा आणि वाचणारा एकाच वर्तुळातले असले की अर्धा शब्द पुरतो.

इंग्रजीची कथा निराळी नाही. ‘ओके’ हा शब्द २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात छापला गेला, तो ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगचा संक्षेप म्हणून. शब्दांची स्पेलिंगे बिघडवून त्यांची आद्याक्षरे घेण्याची तेव्हा तेथे टूम होती. ‘जे-वन’च्या जातकुळीचीच ही थट्टा. ‘ओएमजी’ तर त्याहून मौजेचे. ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटिश आरमाराचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आढळते. सरदारकीचा एक नवा किताब निघणार असल्याची कोटी करून त्यांनी कंसात त्याचा अर्थही दिला आहे : अरे देवा! फिशर तेव्हा ७६ वर्षांचे होते.

तेव्हा संक्षेप हा तरुणांचा दोष नव्हे. मग बदलले काय? दोन गोष्टी बदलल्या, आणि दोन्हींकडे आक्षेप घेणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. एक लिपी. दुसरी मायन्याची उतरंड.

लिपीचा हिशोब पैशांत मांडता येतो. १८७९ मध्ये भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, तेव्हा जागेची टंचाई होती, पण त्या जागेत मोडी लिहा, बाळबोध लिहा वा रोमन लिहा, दर एकच. तारेने हा समभाव मोडला. तेथे शब्दागणिक पैसे, आणि बराच काळ लिपी रोमनच. घरच्या माणसाच्या आजाराची बातमी मराठी घरात इंग्रजी शब्दांत येई. वाचून दाखवायला मास्तरांना नाहीतर स्टेशनातल्या बाबूंना गाठावे लागे. स्वातंत्र्यानंतर देवनागरी तारेची सोय झाली, तरी ‘तार आली’ म्हटले की आधी छातीत धस्स होई, मजकूर नंतर.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइल सेवेचे पहिले संभाषण झाले. त्याआधीच, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस गेला होता. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका संदेशाची मर्यादा १६० अक्षरे, हे सर्वांना ठाऊक आहे. ही मर्यादा रोमन लिपीची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एका एसएमएसच्या पोटात १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६०. देवनागरीला दर चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून अवघी ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाची मोजणी वेगळी. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. यंत्राच्या लेखी ती सहा चिन्हे. आणि अख्ख्या रोमन संदेशात देवनागरीचे एकच चिन्ह आले तरी तो सबंध संदेश सत्तरच्या मापाने मोजला जातो.

‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे तीन शब्द मोकळ्या जागांसह २९ चिन्हांचे होतात. नाव घालून, ‘आई-बाबांना नमस्कार सांग’ असे जोडून एखादे वाक्य लिहिले की सत्तरी ओलांडते आणि एका शुभेच्छेचे दोन संदेश होतात. ‘एचबीडी’ला लागतात तीन. योगायोग असा, की ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ या चार शब्दांचीही चिन्हे बरोबर २९ भरतात. पणजोबांनी त्याची चार अक्षरे केली होती, ती उगाच नव्हेत.

पैशाला तेव्हा अर्थ होता. रोज ठरावीक संदेश स्वस्तात देणारी पॅक असत, पण दिवाळी, नववर्ष अशा दिवशी कंपन्या ती सवलत बंद ठेवीत आणि दर संदेशाला पूर्ण आकार पडे. नेमक्या ज्या दिवशी मायना लिहावासा वाटे, त्याच दिवशी तो महाग. सप्टेंबर २०११ मध्ये तर दूरसंचार नियामकाने जाहिरातींना आळा घालण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली. ती लवकरच २०० करावी लागली. शिवाय अनेक साध्या फोनवर देवनागरी नव्हतीच. पाठवली तरी समोरच्याच्या पडद्यावर चौकोन उमटत. अशा बाजारात महिन्याचा रिचार्ज मोजून करणाऱ्या मुलाने रोमन लिपी घेतली आणि तिच्यासोबत ‘जीएन, एसडी, टीसी’ हे रात्रीच्या निरोपाचे त्रिकूटही घेतले. गुड नाइट, स्वीट ड्रीम्स, टेक केअर. याला भाषाद्रोह म्हणणे म्हणजे दरपत्रक न वाचता निकाल देणे होय.

पालघर-बोईसर पट्ट्यात आद्याक्षरांना आणखी एक पाया होता. येथे संक्षेप फोनच्या कितीतरी आधी पोटापाण्याचे शब्द झाले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले; आज बोईसरमध्ये ‘एमआयडीसी’ हे महामंडळाचे नाव राहिलेले नाही, ते जागेचे नाव आहे. ‘एमआयडीसीत उतर’ असे रिक्षावाल्याला सांगता येते, शब्दाला मराठी प्रत्यय बिनबोभाट लागतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुविद्युत केंद्राचे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टॅप्स’ झाले. शिवाय ओटी, पीएफ, ईएसआय, सांडपाण्यासाठी सीईटीपी. देशाच्या नाना राज्यांतून आलेल्या कामगारांच्या या वस्तीत वाडवळी, मांगेली, वारलीपासून भोजपुरीपर्यंत भाषा नांदतात, आणि ही आद्याक्षरे सर्वांना सारखीच परकी, म्हणून सारखीच आपली.

त्यांतले सगळेच संक्षेप निरुपद्रवी नाहीत. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. मराठीत त्या माणसांना प्रकल्पग्रस्त म्हणतात. त्या शब्दात ‘ग्रस्त’ आहे, म्हणजे निदान काही तरी सोसल्याची नोंद आहे. सरकारी इंग्रजीत त्यांचे ‘पीएपी’ होते. तीन अक्षरांत गाव, घर, समुद्र काहीच उरत नाही. ‘एलओएल’विषयी चिंता करणाऱ्यांनी त्यातली थोडी या संक्षेपासाठी राखून ठेवायला हरकत नव्हती.

आता उतरंड. जुन्या पत्रातला संक्षेप जागा वाचवीत असे, आणि त्याबरोबर लिहिणारा व वाचणारा यांचे नाते पहिल्या ओळीत ठरवून टाकीत असे. वडिलांना ‘ती.’, धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अ. आ.’, म्हणजे अनेक आशीर्वाद. विद्वान ब्राह्मणाला ‘वे. शा. सं.’, कीर्तनकाराला ‘ह. भ. प.’. चुकीचा मायना घातला तर तो अपमान ठरे. घरातल्या मुलांना मायने पाठ करवीत ते यासाठी. या शिस्तीत जिव्हाळा होता, आणि काटेही होते. पुरुषाच्या नावामागे त्याचे वय किंवा विद्या येई, स्त्रीच्या नावामागे तिचा नवरा : ‘कु.’, ‘चि. सौ. कां.’, ‘सौ.’ आणि तो गेला की ‘गं. भा.’. गंगाभागीरथी हे नाव पवित्र असले, तरी टिंबे दिलेली ती दोन अक्षरे पाकिटावरूनच पोस्टमनला घरातले वैधव्य सांगत. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी हाच शब्द वापरण्याचा विचार पुढे मांडला, तेव्हा उसळलेला विरोध या इतिहासातून आलेला होता.

‘जीएम’ला यातले काहीच कळत नाही. ते काकांना जाते, मैत्रिणीला जाते, पाळीच्या सुपरवायझरलाही जाते. त्यात कोणी लहान नाही, कोणी थोर नाही, कोणी सौभाग्यवती नाही. आजोबांना नातवाचा तोटका संदेश खुपतो, तेव्हा ते शुद्धलेखनाविषयी बोलतात. खुपते ते बहुधा हे, की ‘ती.’ गेले आणि त्याच्या जागी त्यांच्यासाठी राखलेले एकही अक्षर आले नाही. ही तक्रार खरी आहे. भाषेच्या ऱ्हासाच्या तक्रारीपेक्षा ती पुष्कळ प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर देणे अधिक अवघड आहे, कारण ‘ती.’ परत आणताना ‘गं. भा.’ मागे ठेवता येईलच असे नाही.

आज सत्तरचा जाच संपला. स्मार्टफोनवर देवनागरी कळफलक आहे, इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशाची अक्षरे मोजून कोणी पैसे घेत नाही, बोलून टंकण्याचीही सोय झाली. तरी ‘जे-वन’ राहिले. छापील पत्रिकेत जागेची काय वाण, पण ‘चि. सौ. कां.’ आजही तशीच छापली जाते. पत्त्यातले ‘जि. ठाणे’ मात्र १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा ‘जि. पालघर’ झाले, ‘मु. पो.’ला कोणी हात लावला नाही.

१६ एप्रिल २०१३ रोजी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल धावू लागली. तीनच महिन्यांनी, जुलैच्या मध्यात, देशातली तारसेवा बंद झाली. रेल्वेने तारयंत्राच्या सोयीसाठी स्थानकांना दिलेली आखूड नावे मात्र कोणी काढून घेतली नाहीत. आरक्षणाच्या संगणकावर पालघर अजून ‘पीएलजी’ आहे, डहाणू रोड ‘डीआरडी’, आणि बोईसर ‘बीओआर’.